‘पुन्हा कशाले?’ : पल्स पोलिओच्या प्रचाराची एक उजळणी

रविवारची सकाळ. जामनेरमधल्या एका शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलेले. टेबलावर लसीची पेटी, टॅली शीट आणि करंगळीला खूण करायचा मार्कर. मागे भिंतीवर पिवळे पोस्टर. आमच्यातली एक शिक्षिका आणि अंगणवाडी सेविका, दोघी बूथवर बसलेल्या. एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या. त्यांनी पोस्टरकडे पाहिले, पेटीकडे पाहिले आणि विचारले, “बाई, मांगच्या टायमाले त पाजलं व्हतं. मंग आता पुन्हा कशाले?”

बाई म्हणाल्या, “सरकारचा कार्यक्रम आहे ना आजी. पाजून घ्या, चांगलं असतं.”

आजींनी नातवाला पाजून घेतले. करंगळीवर खूण झाली, टॅली शीटवर एक रेघ वाढली. कार्यक्रमाच्या हिशेबात हे काम शंभर टक्के पूर्ण झाले. पण आजींना उत्तर मिळाले नव्हते. घरी आल्यावर बाईंनी आम्हाला हे सांगितले तेव्हा आमच्या लक्षात आले, की इतकी वर्षे बूथवर बसूनही आमच्यापैकी कोणालाच हे उत्तर नीट देता आले नसते. विज्ञान शिकवणाऱ्यांनाही नाही.

पुस्तकाचे परीक्षण करतात, नाटकाचे करतात. लाखो पोस्टरांतून, दूरदर्शनवरून आणि शाळांच्या प्रभातफेऱ्यांतून जे ‘साहित्य’ आपल्यापर्यंत पोहोचले, त्याचे परीक्षण मात्र फारसे कोणी करत नाही. पल्स पोलिओचा प्रचार हा आपल्या देशातला कदाचित सर्वांत मोठा विज्ञानप्रसार असेल. तो शिक्षकांच्या हातून झाला. म्हणून तो काय बोलला आणि काय बोलला नाही, हे शिक्षकांनीच तपासायला हवे. हा लेख त्यासाठी आहे.

आधी श्रेय

दोष दाखवण्याआधी श्रेय दिले पाहिजे, आणि ते लहान नाही.

१९८८ साली जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला, तेव्हा १२५ देशांत हा रोग ठाण मांडून होता आणि दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले लुळी पडत होती. त्याआधीच, १९८५ मध्ये, रोटरी या स्वयंसेवी संघटनेने हे काम जगभर हाती घेतले होते. आपल्याकडे १९९४ मध्ये दिल्लीत प्रयोग झाला आणि ९ डिसेंबर १९९५ रोजी देशभर पहिला पल्स पोलिओ दिवस पाळला गेला. पहिल्या वर्षी तीन वर्षांखालची मुले होती, पुढच्या वर्षापासून पाच वर्षांखालची सगळी. भर काळात एकेका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना थेंब पाजले जात आणि त्यासाठी २३-२४ लाख माणसे राबत.

फळही मिळाले. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. १३ जानेवारी २०११ या दिवशी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात एक लहान मुलगी आजारी पडली. नैसर्गिक पोलिओ विषाणूची ती भारतातली शेवटची रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ‘भारतात हे होणारच नाही’ असे जगातले अनेक जाणकार म्हणत होते, हे लक्षात घेतले म्हणजे यशाची उंची कळते.

या यशात प्रचाराचा वाटा आहेच. ‘दो बूंद जिंदगी की’ हे शब्द ठाऊक नसलेला माणूस खानदेशात सापडणे कठीण. युनिसेफच्या या मोहिमेत अमिताभ बच्चन २००२ च्या सुमारास आले. त्या जाहिरातींपैकी काहींत ते चक्क रागावून पालकांची कानउघाडणी करतात. त्या रागाचा परिणाम झाला, आया मुलांना घेऊन बूथवर आल्या, असे जाहिरात करणाऱ्यांनी पुढे सांगितले आहे. आम्ही ते खरे मानतो.

पण शिक्षक म्हणून एक गोष्ट आपण सगळेच जाणतो. रागावल्याने मूल वर्गात येते. त्याने त्याला गणित समजत नाही.

‘दोन थेंब’: किती वेळा?

पहिला आक्षेप सर्वांत गाजलेल्या दोन शब्दांवर. ‘दोन थेंब’ ऐकले की सरळ अर्थ होतो, दोन थेंब पाजा, मूल वाचले. मग वर्षभरात पुन्हा बोलावणे आले की पालक गोंधळतात. पहिले थेंब खोटे होते का? की लसच निकामी? आजींचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो पोस्टरच्या वाक्यातूनच निघाला होता.

खरी गोष्ट अशी. तोंडावाटे द्यायच्या लसीत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते आतड्यात रुजले, वाढले, तरच शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार करते. प्रत्येक मुलात, प्रत्येक वेळी ते रुजतीलच असे नाही. श्रीमंत, थंड देशांत तीन मात्रांत जवळजवळ सगळी मुले सुरक्षित होत. आपल्याकडे तसे होत नाही, हे वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवले होते. जुलाब, आतड्यातले इतर विषाणू, लसीतल्या तीन प्रकारांची आपापसातली स्पर्धा, अशी कारणे त्यामागे आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर प्रदेशात तिहेरी लसीच्या एका मात्रेने टाइप १ विषाणूपासून संरक्षण मिळण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के आले. उत्तर प्रदेश-बिहार सोडून उरलेल्या देशात ते २१ टक्क्यांच्या आसपास होते.

हे आकडे फळ्यावर घ्या. सातवी-आठवीच्या वर्गाला शेकडेवारी येते, तेवढे पुरे. १०० मुले आहेत. प्रत्येक मात्रेला, अजून असुरक्षित असलेल्यांपैकी २१ टक्के सुरक्षित होतात असे धरू. पहिल्या मात्रेनंतर ७९ उरतात. तिसरीनंतर ४९. पाचवीनंतर ३१. सातवीनंतर १९. दहावीनंतर ९ किंवा १०. आता हेच गणित ९ टक्क्यांनी करा. तीन मात्रांनंतरही ७५ मुले उघडी, पाचनंतर ६२ आणि दहा मात्रांनंतरही ३९! प्रत्यक्षात सगळी मुले सारखी नसतात, त्यामुळे हे गणित ढोबळ आहे. पण ‘पुन्हा का’ याचे उत्तर त्यात आहे. उत्तर प्रदेशात इतक्या फेऱ्या का लागल्या आणि पुढे २००५ मध्ये एकाच प्रकाराची, २०१० मध्ये दोन प्रकारांची लस का वापरावी लागली, हेही त्यातून उलगडते.

आपल्या भागात हे सांगायला शेकडेवारीचीही गरज नाही. कपाशीची लागवड केली की सगळेच बी उगवत नाही. आठ-दहा दिवसांनी शेतकरी नांग्या भरतो. पहिले बी खोटे होते म्हणून तो पुन्हा टोबत नाही, काही जागा रिकाम्या राहिल्या म्हणून टोबतो. थेंबांचेही तसेच. फरक एवढाच की शेतात नांगी डोळ्यांना दिसते. कोणत्या मुलात लस रुजली नाही हे बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळ्यांनाच पुन्हा पाजावे लागते. हे चार ओळींत मावते. तीस वर्षांत ते आम्ही पाहिलेल्या एकाही पोस्टरवर मावले नाही.

‘हर बच्चा, हर बार’ ही नंतरची घोषणा याहून बरी होती, कारण तिच्यात निदान ‘हर बार’ आले. पण तिनेही आज्ञाच दिली, कारण दिले नाही.

‘पल्स’ म्हणजे नाडी नव्हे

दुसरा आक्षेप नावावर. आम्ही आमच्या शाळांतल्या सहकाऱ्यांना विचारले, यातला ‘पल्स’ म्हणजे काय? कोणी म्हणाले नाडी, कोणी म्हणाले डाळ, कोणी म्हणाले कंपनीचे नाव असेल. कोणालाही हसू नये. नाव मराठीत आणण्याची तसदी कोणी घेतलीच नाही.

पल्स म्हणजे इथे ठोका, एकाच वेळी दिलेला. संपूर्ण कार्यक्रमाचा गाभा या एका शब्दात आहे. एरवीच्या लसीकरणात मूल ज्या वयाचे होईल त्या वयाला त्याला लस मिळते. गावात रोज कोणी ना कोणी बिनलसीचे असतेच आणि विषाणू एकातून दुसऱ्यात जात राहतो. त्याऐवजी एका दिवशी गावातल्या, जिल्ह्यातल्या, देशातल्या सगळ्या लहान मुलांच्या आतड्यांत लसीचा विषाणू जाऊन बसला तर? मूळ विषाणूला राहायला घरच उरत नाही. तो माणसाबाहेर फार काळ टिकत नाही. ब्राझीलने १९८० पासून राष्ट्रीय लसीकरण दिवस पाळून हे करून दाखवले आणि त्याच दशकात वेल्लोर शहरात असाच प्रयोग झाला.

हेही आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी कृषी खाते दरवर्षी सांगते, कपाशीची फरदड घेऊ नका, हंगाम संपला की सगळ्यांनी शेते मोकळी करा. का? एकाच्या वावरात पऱ्हाटी उभी राहिली तर अळीला खायला मिळते आणि पुढच्या वर्षी ती साऱ्या गावाच्या कपाशीवर येते. खाद्य एकाच वेळी सगळीकडून तोडले, तरच साखळी तुटते. पल्स पोलिओ म्हणजे साऱ्या देशाने एकाच रविवारी फरदड उपटणे. ‘माझ्या मुलाला आधीच पाजले आहे’ असे म्हणणाऱ्या पालकाला हे सांगितले, तर आपले मूल शेजारच्या मुलासाठीही थेंब घेते, हे त्याला कळते.

फेऱ्या बहुतेक थंडीतच का होतात, हाही वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे. विषाणूचा फैलाव थंडीत कमी असतो. शत्रू अशक्त असताना त्याला गाठायचे. शिवाय लस उष्णतेने खराब होते आणि जळगावचा मे महिना आपल्याला सांगायला नको.

जे सांगितलेच नाही

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो मौनाबद्दल आहे.

थेंबांतला विषाणू जिवंत असतो. क्वचित, सुमारे २७ लाख पहिल्या मात्रांमागे एकदा, तो लस घेणाऱ्या मुलालाच लुळे करू शकतो. जिथे बरीच मुले बिनलसीची राहिली आहेत तिथे तो माणसामाणसांत फिरत फिरत पुन्हा जहाल होऊ शकतो. याला लसजन्य पोलिओ म्हणतात. ही लसविरोधकांनी पसरवलेली अफवा नाही, विज्ञानाने मान्य केलेली वस्तुस्थिती आहे. नैसर्गिक टाइप २ विषाणू जगात शेवटचा सापडला १९९९ मध्ये, अलीगढला. त्यानंतर जगात टाइप २ मुळे जो त्रास होत होता, तो लसीतल्या टाइप २ मुळे. म्हणून २५ एप्रिल २०१६ रोजी आपल्या देशाने तिहेरी लस बंद करून टाइप २ वगळलेली दुहेरी लस सुरू केली. जुन्या कुप्या शोधून नष्ट केल्या. त्याआधी, २०१५ च्या अखेरीपासून, मेलेल्या विषाणूची टोचायची लस टप्प्याटप्प्याने आली. तिच्यामुळे पोलिओ होऊच शकत नाही. ती आता दीड महिना, साडेतीन महिने आणि, २०२३ पासून, नऊ महिने अशी तीनदा देतात.

इतका मोठा बदल! १५५ देशांनी दोन आठवड्यांच्या आत एक लस बदलून दुसरी घेतली. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी. आपल्या बूथवर बसणाऱ्या किती जणांना तो कळला? आमच्यापैकी दोघांना वर्तमानपत्रातून कळला, बाकीच्यांना हा लेख लिहिताना. पेटी तीच, पोस्टर तेच, दोन थेंब तेच.

मौनाची किंमत नंतर मोजावी लागते. २०१८ साली दुहेरी लसीच्या काही कुप्यांत टाइप २ चा अंश सापडला. त्या कुप्या उत्तर प्रदेशाबरोबर महाराष्ट्रात आणि तेलंगणातही आल्या होत्या. बातमी आली आणि मोबाइलवर घबराट पसरली. ‘टाइप २ म्हणजे काय’ हे आधी सांगितलेले असते तर बातमी लोकांना वाचता आली असती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मेघालयात एका दोन वर्षांच्या मुलात लसजन्य पोलिओ आढळला, तेव्हा ‘देश पोलिओमुक्त असताना हे कसे?’ हा प्रश्न आमच्या शिक्षककक्षातही आला. ज्याला फक्त ‘थेंब चांगले असतात’ एवढेच शिकवले आहे, त्याच्यापुढे अशी बातमी आली की एकतर तो बातमी खोटी मानतो, नाहीतर थेंब.

‘निर्मूलन’ या शब्दाचेही असेच. नियंत्रण म्हणजे रोग कमी ठेवणे, निर्मूलन म्हणजे विषाणू जगातून नाहीसा करणे. देवीचे निर्मूलन १९८० मध्ये जाहीर झाले आणि देवी काढणे बंद झाले. पोलिओचेही तसेच होणार. या मोहिमेची शेवटची पायरी म्हणजे तोंडावाटे द्यायचे थेंब स्वतःच बंद करणे. टाइप २ आणि टाइप ३ चे नैसर्गिक विषाणू अनुक्रमे २०१५ आणि २०१९ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. टाइप १ पाकिस्तान व अफगाणिस्तानात चिकटून आहे. २०२१ मध्ये जगभरात फक्त ६ रुग्ण उरले होते. २०२४ मध्ये एकट्या पाकिस्तानात ते ७० च्या वर गेले. तिथे लस पाजणाऱ्या बायांवर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत, हेही मुलांना सांगायला हवे. आपल्या बूथवरचा रविवार त्यांच्या रविवाराशी जोडलेला आहे. विषाणूला सरहद्द नसते.

‘स्वयंसेवक’ कोणाला म्हणायचे?

आता आपल्या स्वतःच्या शब्दाकडे येऊ. जगभरात सुमारे दोन कोटी स्वयंसेवकांनी २५० कोटींहून अधिक मुलांना लस पाजली, असे अभिमानाने सांगितले जाते. स्वयंसेवक म्हणजे आपण होऊन सेवा करणारा. सुट्टीच्या दिवशी गाडी आणि डिझेल देणारे रोटरीचे सभासद, पहूरच्या चौफुलीवर एसटीत चढून मुले शोधणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, हे खरे स्वयंसेवक. पण आपल्या तालुक्यात पेटी गळ्यात घालून घरोघर जाते ती आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका. आशाताईंना या कामाचा दिवसाचा भत्ता वर्षानुवर्षे ७५ रुपये होता, नंतर १०० झाला. शिक्षकाला तर आदेशच येतो. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २७ मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले आहे. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद दिले आहेत. पोलिओ त्यात नाही.

आम्ही हे कामाची तक्रार म्हणून मांडत नाही. हे काम करताना आम्हाला आनंदच वाटला आणि पुढेही करू. आमची तक्रार शब्दाबद्दल आहे. आदेशाला सेवा म्हटले की दोन गोष्टी होतात. मोबदल्याचा प्रश्न विचारणे अवघड होते. आणि आदेश घेणाऱ्याला कारण सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. आमचे प्रशिक्षण बहुतेक वेळा अर्ध्या तासात उरकले. पेटीत आइसपॅक किती, टॅली शीट कशी भरायची, खूण कोणत्या करंगळीला, घरावर ‘पी’ कधी आणि ‘एक्स’ कधी. सगळे आवश्यक आणि सगळे हातांसाठी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी १२ मुलांना थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कारवाई करणे सोपे आहे. पण ती बातमी वाचून आम्ही एकमेकांना विचारले, आपण दर वेळी कुपी हातात घेऊन पाहतो का? तिच्यावरचे चिन्ह वाचतो का? त्या चिन्हात एक वर्तुळ आणि आत एक फिकट चौकोन असतो. उष्णता लागत जाईल तसा चौकोन गडद होतो. तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. किती सुंदर उपकरण! न बोलता, विजेवाचून, प्रत्येक कुपीवर तिच्या प्रवासाची नोंद. ज्याला याचे कारण कळले तो ते बघितल्याशिवाय कुपी उघडणार नाही. ज्याला फक्त नियम म्हणून सांगितले तो घाईत विसरेल.

शिक्षकाच्या हाती येऊ शकणारे आणखी एक काम प्रचाराने वगळले, ते म्हणजे पाळत ठेवण्याचे. विषाणू शिरलेल्या सुमारे २०० मुलांपैकी एकच लुळे पडते. बाकीची विषाणू पसरवत राहतात, कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक ढिला पडला, तर कारण काहीही असो, आरोग्य केंद्राला कळवायचे. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले जातात. पोलिओ नसतानाही असा ढिलेपणा लाखामागे निदान एका मुलात दरवर्षी येतोच. तेव्हा एखाद्या जिल्ह्यातून वर्षभर एकही सूचना आली नाही तर तो जिल्हा निरोगी नाही, झोपलेला आहे! मुलाला रोज पाहणारी माणसे दोनच, आई आणि शिक्षक. मग हे पोस्टर शाळेत का लागले नाही?

एक बचाव, आणि त्याचे उत्तर

कोणी म्हणेल, सतरा कोटी मुलांपर्यंत पोहोचायचे तर संदेश साधाच हवा. पोस्टरवर शेकडेवारी मांडून कसे चालेल? हे आम्हाला मान्य आहे. पोस्टरवर दोन थेंबच असू देत. पण पोस्टरच्या पुढे बसलेल्या माणसाला पोस्टरपेक्षा जास्त माहीत असायला नको का? दुकानाच्या पाटीवर फक्त ‘किराणा’ लिहिलेले असते. आत बसलेल्या दुकानदाराला मात्र मालाची माहिती असते.

आणि मोहीम स्वतःच हे पुढे शिकली. उत्तर प्रदेशात दारे बंद होऊ लागली तेव्हा गल्लीतल्याच बायांना तयार करून त्यांना घरी बसून प्रश्न ऐकायला शिकवले. लोक म्हणत होते, ‘पोलिओ सोडून तुम्हाला आमचे दुसरे काही दिसत नाही का?’ २००९ मध्ये उत्तर प्रदेश-बिहारच्या १०७ अतिजोखमीच्या विकासखंडांत थेंबांबरोबर जुलाब, हात धुणे, पाणी, जस्ताच्या गोळ्या हेही हाती घेतले. रागावण्याने जे झाले नाही ते ऐकून घेतल्याने झाले. हा धडा तिकडे शिकला गेला आणि तिकडेच राहिला. ‘आपल्याकडे लोक विरोध करत नाहीत’ म्हणून आपल्याला उत्तरे शिकवलीच नाहीत.

पण विरोध नसणे म्हणजे सगळी मुले मिळणे नव्हे. आपल्या तालुक्यातले तांडे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. फेरी येते तेव्हा घराला कुलूप आणि भिंतीवर ‘एक्स’. मूल इथल्या यादीत आहे पण इथे नाही, तिथे आहे पण तिथल्या यादीत नाही. हे पालक ‘नकार देणारे’ नाहीत. त्यांना अमिताभ बच्चन कितीही रागावले तरी उपयोग नाही. त्यांची दोन गावांतली नावे जोडणारा कोणी तरी लागतो. तांड्यातल्या मुलांची शाळा कधी सुटते आणि कधी भरते, हे त्या शाळेच्या गुरुजींइतके कोणालाच ठाऊक नसते.

आपण काय करू शकतो?

आम्ही पुढच्या फेरीआधी तीन गोष्टी करायचे ठरवले. एक, सातवीच्या वर्गात वरचे शेकडेवारीचे गणित मुलांकडून करून घेतले. ‘दहा मात्रांनीही शून्य का येत नाही?’ असे एका मुलीने विचारले आणि तास संपला तरी चर्चा चालू राहिली. दोन, आरोग्यसेविकेला विनंती करून रिकाम्या कुपीवरचे चिन्ह मुलांना दाखवले. तीन, ‘बूथवर विचारले जाणारे पाच प्रश्न’ असा एक कागद हाताने लिहून काढला. उत्तरे बोलीत लिहिली, प्रत्येकी चार ओळींची. वाचकांनी आपापल्या भागात असाच कागद करून पाहावा. धुळ्याच्या बूथवरचे प्रश्न वेगळे असतील, तळोद्याचे त्याहून वेगळे.

फेरीच्या दिवशी त्या आजी पुन्हा आल्या नाहीत. दुसऱ्या एक आल्या, आणि प्रश्न तोच. बाई म्हणाल्या, “आजी, कपाशी लावल्यावर नांग्या भरता ना? तसंच हे. कोणत्या लेकरात उगवलं नाही ते दिसत नाही, म्हणून सगळ्यायले पुन्हा.” आजींनी मान डोलावली, नातवाला पाजले. जाता जाता वळून म्हणाल्या, “मंग थे सुई कशाले देता?”

कागदावर हा सहावा प्रश्न आम्ही त्याच संध्याकाळी लिहिला.